सेफ्टीची दिशा: पिस्तुलं आणि हाताची सवय

पिस्तुलांची तुलना बहुधा कॅलिबर, वजन आणि मॅगझीनमधले राउंड यांवरच संपते. हाताला यातल्या कशाचंच फारसं सोयरसुतक नसतं. सेफ्टीची कळ कुठे, ती वर की खाली, चाप किती ओढला की गोळी सुटते, एवढंच तो लक्षात ठेवतो. म्हणून एका पिस्तुलावरून दुसऱ्यावर जाताना काय बिघडेल हे जाणायचं, तर तुलना अंगठ्यापासून सुरू करावी.

पोलिसांच्या ओळखीचं ९ एमएम ‘ऑटो पिस्तूल १ए’ बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याचं. ते १९३५च्या बेल्जियन ब्राउनिंग हाय-पॉवरवरून घेतलेलं आहे. मॅगझीनमध्ये १३ राउंड, मागे दिसणारा घोडा, आणि फ्रेमच्या डाव्या बाजूला सेफ्टी: वर केली की पिस्तूल बंद, खाली केली की चालू. इटालियन बेरेटा ९२एफएसमध्ये हीच कळ स्लाइडवर चढलेली आणि दिशा नेमकी उलटी. ऑस्ट्रियन ग्लॉक १७मध्ये अंगठ्याची सेफ्टीच नाही. चापातली बारीक पट्टी बोटाखाली दबली नाही, तर चाप मागे जात नाही, इतकंच.

चार्ल्स ऑसगुड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९मध्ये मांडलं, की खूण तीच पण द्यायचा प्रतिसाद उलटा असेल, तिथे जुनी सवय सर्वांत जास्त आडवी येते. उजव्या पायाने गिअर टाकायच्या जुन्या बुलेटवर मुरलेला डोंबिवलीकर नव्या बुलेटवर बसला, तर घाईच्या क्षणी त्याचा डावा पाय ब्रेक शोधत गिअरवर पडतो. १एवरून बेरेटावर जाणं याच जातीचं. ग्लॉकवर जाणं त्या मानाने सोपं वाटतं: अंगठा सवयीने खाली सरकतो, तिथे काही नसतं, आणि पिस्तूल तरीही चालतं. उलट प्रवासात, म्हणजे ग्लॉकवरून १एवर आल्यावर, सेफ्टी उतरवायचीच राहते. चाप ओढूनही काही घडत नाही.

पण मला जास्त काळजी वाटते ती मॅगझीनची. हाय-पॉवरच्या मूळ रचनेत मॅगझीन बाहेर असताना चाप निकामी होतो. त्यावर वर्षं काढलेल्या माणसाच्या मनात ‘मॅगझीन काढलं, म्हणजे पिस्तूल निर्धोक’ हे समीकरण घट्ट बसतं. ग्लॉक असं काही करत नाही. वर ते सफाईसाठी उघडायचं, तर आधी चाप ओढावा लागतो. चेंबरमधला एक राउंड विसरला, तर तिथेच अपघात होतो. अंगठ्याच्या सोप्या प्रवासामागे हा धोका लपून राहतो.

नेमबाजीच्या खेळातही असंच एक वळण आहे. १० मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाच्या चापाला किमान १००० ग्रॅम वजन लागतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते या दुसऱ्या प्रकारात. वजनाची सवय सरावाने होते. खरा फरक असा, की एअर पिस्तूल प्रत्येक गोळीनंतर रिकामं होतं, आणि .२२चं सेमी-ऑटोमॅटिक मॅगझीन संपेपर्यंत प्रत्येक गोळीनंतर स्वतःच पुन्हा भरतं.

घरी शस्त्र ठेवायचं, तर ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत त्याचा परवाना ठाणे शहर पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो. ९ एमएम सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्याने पिस्तूल घ्यायचं तर ते बहुधा .३२चं. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. सवयींचा घोळ व्हायला दोनही पुरतात, विशेषतः एक रिव्हॉल्व्हर आणि एक पिस्तूल अशी जोडी असेल तर. रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडलं की सगळी घरं एका नजरेत दिसतात. पिस्तुलाचं मॅगझीन हातात आलं तरी नळीत काडतूस आहे की नाही, हे स्लाइड मागे ओढून चेंबर पाहिल्याशिवाय कळत नाही.