व्हेनिसचे न दिसणारे स्मारक

व्हेनिसला जाणारा प्रवासी सेंट मार्क चौक, डोजेचा प्रासाद आणि रिआल्टो पूल पाहून परततो. या वैभवामागील प्रशासन मात्र त्याच्या नजरेस पडत नाही. शहराभोवतीच्या खाजणाचे रक्षण करण्यासाठी व्हेनिस प्रजासत्ताकाने १५०१ साली स्वतंत्र जलाधिकारी नेमले. खाजण गाळाने भरू नये म्हणून पुढील दोन शतकांत ब्रेंटा आणि पियावे या नद्यांची पात्रेच वळवण्यात आली. १९०७ साली पुनरुज्जीवित झालेले हे जलखाते २०१४ मध्ये पूरदरवाजांच्या कामातील भ्रष्टाचार उघडकीस आल्यावर बरखास्त झाले. ते दरवाजे २०२० पासून भरतीचे पाणी अडवतात. पण जुन्या शहराची लोकवस्ती आता ५०,००० हूनही कमी आहे. नगररक्षणात रहिवाशांचे रक्षणही येते, हे प्रशासकांनी तेथे जरूर पाहावे.