कापसाची वाट आणि कारवारचा किनारा

हुबळी-धारवाड आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये सह्याद्रीची एक रांग आणि जेमतेम दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरचे अंतर आहे. आज हे अंतर बसने किंवा मोटारीने काही तासांत कापले जाते, आणि शनिवार-रविवारला जोडून सुटी आली की यल्लापूर, अरबैल घाट, अंकोला या मार्गावर कारवार आणि गोकर्णकडे निघालेल्या वाहनांची रांग लागते. तथापि ज्या रस्त्यांनी ही सहल घडते, त्यांपैकी बहुतेक रस्ते सहलीसाठी बांधलेले नव्हते. धारवाडच्या काळ्या जमिनीतील कापूस गलबतापर्यंत पोहोचावा म्हणून ते बांधले गेले. आणि ज्या किनाऱ्याची आज लोक शांत व सुंदर म्हणून वाखाणणी करतात, तो किनारा शांत राहिला याचे मुख्य कारण त्या कापसाचा व्यापार तेथे टिकला नाही, हे आहे. या पठाराचा आणि या किनाऱ्याचा इतिहास म्हणूनच वेगवेगळा सांगता येत नाही.

कापसाच्याही आधी या वाटेवरून कापड जात होते. इंग्रज व्यापाऱ्यांनी १६३८ मध्ये काळी नदीच्या मुखाजवळ कारवारला वखार घातली, ती प्रामुख्याने मिरी आणि तलम मलमल यांच्यासाठी. मिरी घाटातून येई. मलमल मात्र घाटमाथ्यापलीकडे, हुबळी आणि तिच्या परिसरातील मागांवर विणली जाई. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रजी अमदानीत सरकारने जिल्हावार सिद्ध केलेल्या माहितीग्रंथांमध्ये, या विणकरांची संख्या पन्नास हजारांपर्यंत असल्याचा उल्लेख आढळतो. हा आकडा अतिशयोक्त मानला, तरी कारवारच्या वखारीचे वैभव हुबळीच्या मागांवर उभे होते याविषयी शंका उरत नाही. शिवाजी महाराजांच्या हालचालींतही पठार आणि किनारा यांचा हा सांधा स्पष्ट दिसतो. १६६५ च्या फेब्रुवारीत बसरूरची आरमारी मोहीम आटोपून महाराज गोकर्णला उतरले, तेथे त्यांनी तीर्थस्नान केले आणि अंकोल्यावरून कारवारला येऊन खंडणी मागितली, तेव्हा वखारीतील इंग्रजांनाही आपला वाटा भरावा लागला. पुढे १६७३ मध्ये मराठ्यांनी हुबळीची बाजारपेठ लुटली, त्या लुटीत इंग्रजांच्या मालाचीही हानी झाली आणि तिच्या भरपाईचे बोलणे पुढे दीर्घकाळ चालले.

महाराजांच्या गोकर्णच्या स्नानात त्या काळच्या समाजाची समुद्राकडे पाहण्याची दृष्टीही दिसते. घाटमाथ्यावरील लोक समुद्रावर जात, परंतु ते यात्रेकरू म्हणून जात. पिंपळाला शनिवारी आणि सागराला पर्वकाळीच स्पर्श करावा, एरवी दुरूनच त्यांची सेवा करावी, असा धर्मशास्त्राचा दंडक होता. पर्वकाळ म्हणजे अमावास्या, पौर्णिमा, ग्रहण यांसारखे पुण्यप्रद मानलेले दिवस. गोकर्णला महाशिवरात्रीस जाणारा धारवाडकर समुद्रात स्नान करी, श्राद्ध करी, महाबळेश्वराचे दर्शन घेई आणि परत फिरे. वाळूवर बसून लाटा पाहणे हे प्रवासाचे प्रयोजन होऊ शकते, ही कल्पना त्याच्या व्यवहारात नव्हती. अर्थात त्याला सौंदर्यदृष्टी नव्हती असा निष्कर्ष यावरून काढणे अन्यायाचे ठरेल. समुद्राचे स्थान त्याच्या मनात देवतेचे होते, आणि देवतेसमोर मनुष्य करमणुकीसाठी जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वाटांवर कापसाचे राज्य आले. पेशवाईच्या अखेरीस धारवाडचा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, आणि येथील कापूस घाट उतरून प्रामुख्याने कुमठ्याच्या बंदरात जाऊ लागला. लमाणांचे तांडे, म्हणजे माल वाहून नेणाऱ्या बैलांचे शेकड्यांनी चालणारे कळप, सिरसीवरून देवीमने घाटाने खाली उतरत. कुमठ्याला हा कापूस गलबतांवर चढे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईला पोहोचे. परतीचा बैल रिकामा येत नसे. सानिकट्ट्याच्या मिठागरांतील मीठ, नारळ आणि सुकी मासळी त्याच्या पाठीवर असे. धारवाडच्या घरांतील मिठाच्या मडक्याचा आणि कापसाच्या शेताचा संबंध असा एकाच बैलाच्या फेऱ्यांनी जोडलेला होता. मुंबईच्या आणि इंग्लंडच्या बाजारांत धारवाडकडील देशी कापसाला 'कुमठा' हेच नाव पडले आणि ते फार काळ चालले. ज्या गावी तो कापूस पिकत नव्हता, त्याचे नाव त्याला मिळाले. आणि ज्या शेतकऱ्याने तो पिकवला, त्याचा मुलूख त्या नावातून दिसेनासा झाला.

१८४० मध्ये कंपनी सरकारने अमेरिकेतील काही अनुभवी बागायतदारांना कापसाच्या प्रयोगांसाठी हिंदुस्थानात आणले. बहुतेक ठिकाणी हे प्रयोग फसले, पण धारवाडकडे न्यू ऑर्लीन्सचे बी रुजले, आणि 'धारवाड-अमेरिकन' ही कापसाची स्वतंत्र जात बाजारात ओळखली जाऊ लागली. या जातीची सरकी हातरहाटाने नीट सुटत नसे, म्हणून करवतीच्या दात्यांची चाके असलेली यंत्रे धारवाडला बसवण्यात आली. त्यानंतर १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मँचेस्टरच्या गिरणीमालकांचे डोळे धारवाडकडे वळले. त्यांची अडचण रस्त्याची होती. पावसाळ्यात घाट बंद, किनाऱ्यावरची बहुतेक बंदरे उथळ, आणि कापूस बैलाच्या पाठीवरून जाताना धुळीने व पावसाने खराब होई. काळीच्या मुखावरील सदाशिवगड-कारवारचा उपसागर डोंगरांनी आणि बेटांनी वेढलेला, खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित असल्यामुळे तेथे मोठे बंदर करावे, असा आग्रह त्यांनी धरला. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यात घालण्यात आला, त्यामागे हाच आग्रह होता. म्हणजे कारवार आणि धारवाड एका इलाख्यात आले ते कापसामुळे. मँचेस्टर कॉटन कंपनीने यंत्रसामग्री पाठवली, पण ती सदाशिवगडच्या वाळूवर उतरली तेव्हा ना धक्का तयार होता ना घाटातला रस्ता. पुढे रस्ते झाले, आणि १८६४ मध्ये कारवारसमोरच्या देवगड बेटावर दीपगृह उभे राहिले. आज पर्यटक नावेतून ते कौतुकाने पाहतात; ते दीपगृह मुळात कापसाच्या जहाजांना वाट दाखवण्यासाठी होते.

यानंतर कारवारला रेल्वेचे स्वप्न पडले. १८६७ ते १८७४ या काळात हुबळी-कारवार लोहमार्ग मंजूर होणार या आशेने जमिनींचे भाव चढले, गोदामे आणि घरे बांधली गेली. परंतु हा बेत सोडून देण्यात आला. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये तह झाला आणि रेल्वे पोर्तुगीज हद्दीतून गोव्यातील मुरगावला न्यावी असे ठरले. १८८८ मध्ये मुरगाव ते कॅसलरॉक हा मार्ग सुरू होऊन तो लोंढ्यामार्गे हुबळी-धारवाडला जोडला गेला. कापूस त्या दिशेने आणि सोलापूरकडून मुंबईला जाणाऱ्या गाड्यांनी निघून गेला, आणि कारवार व कुमठा यांचा व्यापार वेगाने ओसरला. गोदामे बांधणाऱ्यांचे जे नुकसान झाले ते खरेच. तरीही किनाऱ्याच्या दृष्टीने ही घटना निर्णायक ठरली. त्याच दशकांत भूमध्य समुद्रावर काय घडत होते हे शेजारी ठेवून पाहिल्यास तिचे महत्त्व कळते. नीस हे शहर १८६० मध्ये फ्रान्समध्ये सामील झाले, १८६४ मध्ये तेथे रेल्वे पोहोचली, आणि हिवाळ्यात ऊन घेण्यासाठी येणाऱ्या धनिकांमुळे त्या किनाऱ्यावर हॉटेले, जुगारगृहे आणि बागा यांची अखंड रांग उभी राहिली. १८८७ मध्ये स्तेफेन लिएझार या लेखकाने त्या पट्ट्याला 'कोत द आझ्युर', म्हणजे निळा किनारा, असे नाव दिले, ते जगभर रूढ झाले. तेथे रेल्वेने किनारा घडवला आणि भरून टाकला. कारवारला रेल्वे आली नाही, आणि पुळण मोकळी राहिली. पुळण म्हणजे समुद्रकाठचा वाळूचा पट्टा. कारवारची पुळण अर्धचंद्राकार असून तिच्या एका टोकाला काळी नदी समुद्राला मिळते.

या मोकळ्या पुळणीकडे नव्या दृष्टीने पाहणारे लोक व्यापारी नव्हते, तर जिल्ह्याच्या ठाण्यात बदलीवर आलेले अधिकारी आणि त्यांचे पाहुणे होते. सत्येंद्रनाथ ठाकूर, सनदी सेवेतील पहिले भारतीय, कारवारला न्यायाधीश असताना १८८३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले. तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. काळी नदीतून नावेने केलेला चांदण्या रात्रीचा प्रवास आणि परतीला वाळूवरून चालत घरी येणे यांचे वर्णन त्यांनी पुढे आपल्या आठवणींत केले आहे, आणि 'प्रकृतीर प्रतिशोध' हे त्यांचे नाटक याच मुक्कामात लिहिले गेले. संसार आणि निसर्ग यांचा त्याग करू पाहणाऱ्या संन्याशाची ती कथा कारवारच्या किनाऱ्यावर सुचावी, हे अर्थपूर्ण आहे. कारण येथेच समुद्र प्रथम तीर्थ आणि बंदर या दोन्ही भूमिकांतून सुटून केवळ पाहण्याचा आणि अनुभवण्याचा विषय झाला. त्यांना भावलेली किनाऱ्यावरची सुरूची झाडेही फार जुनी नव्हती. सुरू हे झाड मूळचे पूर्वेकडील बेटांचे व ऑस्ट्रेलियाचे असून कारवारला त्याची लागवड १८६८ च्या सुमारास, म्हणजे बंदराच्या आणि रेल्वेच्या आशेच्या त्याच दिवसांत, सुरू झाली होती. आता ही पुळण रवींद्रनाथांच्याच नावाने ओळखली जाते.

हुबळी-धारवाडच्या सामान्य मध्यमवर्गाला मात्र समुद्राची सहल प्रथम मुरगावच्या रेल्वेने घडवली. सदर्न मराठा रेल्वे या कंपनीचे मुख्यालय धारवाडला होते, आणि त्याच इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज आले. हुबळीला कंपनीचा कारखाना होता. रेल्वेत नोकरी करणाऱ्या मराठी, कानडी आणि कोकणी कुटुंबांना हा मार्ग घरचा झाला. कॅसलरॉकला ब्रिटिश हद्द संपे, जकातीची तपासणी होई, आणि मग गाडी घाट उतरू लागे. दूधसागरचा सुमारे तीनशे मीटर उंचीचा धबधबा रुळांना अगदी खेटून कोसळतो, आणि अनेक धारवाडकरांच्या मनात समुद्राच्या आधी हा धबधबाच ठसलेला असे. १९५५ मध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रह झाला, त्यानंतर भारत आणि गोवा यांमधील रेल्वे वाहतूक बंद पडली, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यानंतरच हा मार्ग पुन्हा खुला होऊ शकला. या मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, धारवाड आणि उत्तर कानडा हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. कारवारच्या सीमाप्रश्नाचे पडसाद मराठी मनात आजही आहेत. पण राज्याची रेषा कोणतीही असो, धारवाडचा आणि कारवारचा संबंध तिच्यामुळे तुटला नाही, हे दोन्ही बाजूंनी मान्य करण्यासारखे आहे.

त्यानंतरचा बदल वेगवान आहे. गोव्याच्या किनाऱ्यांवर परदेशी प्रवाशांची गर्दी वाढली, तिच्यातील काही लोक शांततेच्या शोधात दक्षिणेला सरकून गोकर्णच्या कुडले आणि ओम या पुळणींवर पोहोचले, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर कारवार, अंकोला, गोकर्ण आणि कुमठा यांना अखेर लोहमार्ग मिळाला, पण तो उत्तर-दक्षिण, पठाराशी न जोडणारा. त्याच काळात किनाऱ्याचा मोठा भाग लोकांपासून दूरही गेला. १९८६ मध्ये पायाभरणी झालेला नौदलाचा 'सीबर्ड' प्रकल्प कारवारच्या दक्षिणेला उभा राहिला, २००५ मध्ये तेथील 'कदंब' हा तळ सेवेत दाखल झाला, आणि त्यासाठी अनेक किनारी गावांतील कुटुंबांना विस्थापित व्हावे लागले. ज्या खोल आणि सुरक्षित उपसागरासाठी मँचेस्टरचे व्यापारी हट्ट धरून बसले होते, त्याचे मोल शंभराहून अधिक वर्षांनंतर देशाच्या संरक्षणाने ओळखले.

हुबळी आणि किनारा यांना थेट जोडणाऱ्या रेल्वेचा विषयही संपलेला नाही. हुबळी-अंकोला मार्ग १९९७-९८ मध्ये मंजूर झाला, सुमारे एकशे चौसष्ट किलोमीटरचा. त्याचे मुख्य प्रयोजन बल्लारी-होस्पेटकडील लोहखनिज बंदरांना पोहोचवणे हे होते, म्हणजे कापसाची जागा खनिजाने घेतली, एवढाच फरक. हा मार्ग सह्याद्रीच्या दाट जंगलातून जात असल्यामुळे वनसंरक्षणाच्या आक्षेपांत आणि न्यायालयांत तो अडकून राहिला आहे. पठारावरील व्यापाऱ्यांची आणि प्रवाशांची गरज खरी आहे, आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु सह्याद्रीतील हे जंगल भरून न येणारे धन आहे, आणि कोणत्याही मालाची मागणी काही दशकांतच बदलते, हे कापसाच्या इतिहासाने याच घाटात एकदा सिद्ध केले आहे. निर्णय घेणाऱ्यांनी १८७४ मध्ये कारवारला रिकामी राहिलेली गोदामे आणि तेव्हापासून मोकळी राहिलेली पुळण या दोहोंचा हिशेब एकत्र मांडावा.