बॅलास्टचे पाणी आणि परका शिंपला

१२. माल उतरवून हलके झालेले जहाज लाटांवर तोलून राहावे म्हणून त्याच्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरतात; हेच बॅलास्टचे पाणी. पुढच्या बंदरात माल चढवताना ते सोडून देतात. त्यातून खेकडे-शिंपल्यांचे सूक्ष्म डिंभ परमुलखात पोहोचतात. काही जीव जहाजाच्या बुडाला चिकटूनही येतात. मेक्सिकोचे आखात व कॅरिबियन भागातला ‘मायटिलॉप्सिस सॅलेई’ हा शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणमला व १९७० च्या दशकात मुंबईत आढळला. जेमतेम इंचभर लांबीचा हा जीव चिवट धाग्यांनी खांबांना, नळांना घट्ट धरतो. एकावर एक थर चढून नळ तुंबतात, स्थानिक कालवांना जागा उरत नाही. एकदा बस्तान बसले की त्याला हुसकणे महाकठीण; म्हणून असे परके जीव वेळीच ओळखण्यासाठी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने बंदरांतील जीवांची केलेली नोंद मोलाची आहे. बॅलास्टच्या पाण्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. शहराजवळच्या वाळूजच्या कारखान्यांतला निर्यातीचा बराचसा माल न्हावाशेवा बंदरात जहाजावर चढतो. समुद्राचे आरोग्य राखण्याची जबाबदारी आपलीही आहे. — संपादक