उडी आधी, उपपत्ती मागाहून

धावणे, उडी मारणे, फेकणे या क्रिया माणूस आदिकाळापासून करीत आला. त्या कशा घडतात याची चिकित्सा मात्र त्याने फार उशिरा आरंभिली. या चिकित्सेच्या शास्त्राला आपण जैवयांत्रिकी म्हणतो. त्याच्या इतिहासात डोकावताना शाळेच्या व्यासपीठावरून एक प्रश्न विचारणे अगत्याचे वाटते. नवे कौशल्य शास्त्रातून जन्मते, की शास्त्रच कौशल्यामागून येते?

इटलीतील गणितज्ञ जिओव्हान्नी बोरेल्ली याने या शास्त्राचा पाया घातला. प्राण्यांच्या गतीविषयीचा त्याचा लॅटिन ग्रंथ त्याच्या निधनानंतर, १६८०-८१ मध्ये, प्रसिद्ध झाला. हाडे म्हणजे तरफा, सांधे म्हणजे टेकू, अशी त्याची मांडणी होती. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेले असल्यामुळे हातातील ओझ्याच्या कितीतरी पट बल त्यांना लावावे लागते, हे त्याने दाखवून दिले. माणसाला फळीवर निजवून व ती फळी धारेवर तोलून त्याने देहाचा गुरुत्वमध्यही शोधला.

पुढची पायरी छायाचित्रणाची. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने मांडलेल्या बारा कॅमेऱ्यांनी दौडत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. चारही पाय एकदम अधांतरी असतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना, हे त्यांतून उघड झाले. चित्रकार मात्र पिढ्यान्‌पिढ्या ते पुढेमागे ताणलेले रंगवीत आले होते. १८८२ मध्ये फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मारे याने सेकंदाला बारा छायाचित्रे टिपणारी बंदूक घडविली आणि धावत्या, उडत्या माणसांच्या अवस्था एकाच काचेवर उमटविल्या. नुसत्या डोळ्याच्या साक्षीवर विसंबण्याचे दिवस तेथे सरले.

परंतु यंत्राला जे दिसते ते यंत्राला सुचतेच असे नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्यातला डिक फॉसबरी हा शाळकरी मुलगा उंच उडीच्या रूढ पद्धतीत, म्हणजे पोट खाली ठेवून दांडी ओलांडण्यात, मागे पडत असे. जुन्या कात्री-उडीत थोडाथोडा फरक करीत तो दांडीकडे पाठ करून, डोके आधी नेऊन उडी मारू लागला. मार्गदर्शकांनी त्याला रूढ पद्धतीकडे वळविण्याचा प्रयत्न केला. १९६८ च्या ऑक्टोबरात मेक्सिको सिटीमध्ये त्याने २.२४ मीटर उडी मारून ऑलिंपिक विक्रमासह सुवर्णपदक पटकाविले. पाठीची कमान केली की देहाचा एकेक भाग क्रमाने दांडीवरून सरकतो आणि गुरुत्वमध्य दांडीखाली राहूनही देह पार होऊ शकतो, हे विवरण अभ्यासकांनी मागाहून केले. पाठीवर पडता येण्यासाठी जाड मऊ गाद्याही त्याच काळात आल्या होत्या, हेही विसरता येत नाही.

हाच क्रम आपल्या मल्लखांबातही दिसतो. परंपरेने या विद्येचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधरांना दिले जाते. खांबापासून देह जितका दूर झुकेल तितका अढीवर भार वाढतो. बोरेल्लीच्या तरफेचाच हा नियम. उस्तादाला तो समीकरणावाचून ठाऊक होता आणि तो शिष्याच्या मांडीत उतरवीत होता. अशा ज्ञानाची वाट बिकट असते, कारण उस्ताद गेला की तेही जाते. द. चिं. मुजुमदार यांनी येथेच, बडोद्यात, व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, त्यांचे मोल म्हणूनच मोठे. हातापायांत असलेली विद्या त्यांनी मराठी अक्षरांत आणून ठेविली.

आज मुलांच्या खिशातील फोन मारेच्या बंदुकीहून चपळ आहे. हालचाल टिपणे सोपे झाले; ती ओळखणे आजही शिक्षकाच्याच हाती आहे. मैदानावर एखादा विद्यार्थी पाठ्यपुस्तकाबाहेरची उडी मारील, तेव्हा शिक्षकाने शिट्टी ओठांशी नेण्यापूर्वी ती उडी पुन्हा एकदा पाहावी. दुखापतीचा धोका असेल तर त्याला जरूर थांबवावे. एरवी ती नीट नोंदवून ठेवावी. तिची उपपत्ती कोणी पुढे मांडील.