फ्रंटपेज

वेबसाइट तयार करण्याचे डेस्कटॉप सॉफ्टवेअर. अमेरिकेतील केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या कंपनीने ते १९९५ मध्ये बाजारात आणले. जानेवारी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी सुमारे १३ कोटी डॉलरना विकत घेतली.

नवी साइट सुरू करताना आधी साचा निवडायचा : कोरी, एकपानी, वैयक्तिक किंवा कंपनीची. मग संगणकावरील फोल्डर अथवा सर्व्हरचा पत्ता द्यायचा. चित्रांसाठी वेगळे फोल्डर आपोआप तयार होई. शिवाय ‘_व्हीटीआय’ या अक्षरांनी सुरू होणारी काही लपलेली फोल्डरेही बनत. ही अक्षरे मूळ कंपनीच्या नावाची आद्याक्षरे होत. या फोल्डरांत पानांची व दुव्यांची नोंद राही. त्यामुळे एखाद्या पानाचे नाव फ्रंटपेजमध्येच बदलले, तर इतर पानांतील त्याचे दुवेही दुरुस्त होत. ही या सॉफ्टवेअरची खरी करामत. मात्र तेच नाव बाहेरून, विंडोजमधून बदलले की दुवे तुटत.

एचटीएमएल न शिकता साइट उभी करता येई, पण तयार होणारा कोड अघळपघळ असे. भेटींचा आकडा दाखवणारा काउंटर किंवा माहिती पाठवण्याचा अर्ज चालण्यासाठी सर्व्हरवर खास ‘एक्स्टेन्शन्स’ लागत. ती नसली की हे भाग निकामी.

२००३ ही शेवटची आवृत्ती. तिच्या जागी मायक्रोसॉफ्टने एक्स्प्रेशन वेब आणि शेअरपॉइंट डिझायनर आणले.