तळटीप : सीआयआयटीए
लेखकाने याला ‘जनुकाची कळ’ म्हटले आहे. पण हे प्रथिन डीएनएला स्वतः चिकटत नाही. परक्या प्रथिनांचे तुकडे टी-पेशींना दाखवणाऱ्या एमएचसी वर्ग-२ रेणूंच्या जनुकांपाशी आरएफएक्स, क्रेब, एनएफ-वाय ही प्रथिने ठाण मांडून असतात. सीआयआयटीए त्यांना धरून बसते आणि सीबीपीसारखी विकरे बोलावते. ती हिस्टोनांवर अ‍ॅसिटिल गट चढवतात, डीएनएची गुंडाळी सैल होते, आरएनए तयार होऊ लागतो. एरवी बी-पेशींसारख्या मोजक्याच पेशींत आढळणारे हे प्रथिन इंटरफेरॉन-गॅमा मिळताच इतर पेशीही बनवतात. १९९३ साली जिनिव्हातील संशोधकांना ते सापडले, तेही एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा माग काढताना : रुग्णांत वर्ग-२ची जनुके धडधाकट, पण पेशींवर त्यांचे रेणूच नाहीत.