टर्म कुठे भरायची?

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे संलग्न महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. मॅट्रिक झालेल्या मुलाने महाविद्यालयात टर्म भरायच्या आणि मगच पदवीच्या परीक्षेला बसायचे. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८६२ साली मुंबईच्या पहिल्या पदवीधरांत आले ते याच वाटेने. कोकणातल्या हुशार मुलाला पदवी हवी असेल तर आधी शहरात राहण्या-जेवण्याची सोय लावावी लागे. ज्याची ती लागली नाही, त्याचे शिक्षण तिथेच थांबले.

मुंबई विद्यापीठाला वर्ष होते न होते तोच लंडनने स्वतःचा नियम बदलला. १८५८च्या सनदेने वैद्यक सोडून बाकी पदव्यांसाठी महाविद्यालयातल्या शिक्षणाची अट काढून टाकली. मॅट्रिक मात्र सक्तीची राहिली. दिवसा नोकरी करून रात्री घरी अभ्यास करणाऱ्यालाही आता पदवी मिळवता येणार होती. १८७८पासून ती स्त्रियांनाही खुली झाली.

पुढे शंभरेक वर्षांनी ब्रिटनच्याच मुक्त विद्यापीठाने नेमके उलटे केले. १९६९ साली सनद मिळालेल्या या विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी १९७१ साली शिकू लागले. प्रवेशाला आधीची कोणतीही परीक्षा पास असण्याची अट नव्हती. व्याख्याने बीबीसीवरून होत आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगाचे साहित्य घरपोच मिळे. त्यात प्लास्टिकचा छोटा सूक्ष्मदर्शकही असे. तरीही पायाभूत अभ्यासक्रमासाठी उन्हाळ्यात आठवडाभर निवासी वर्गाला जावे लागे. एरवी घरच्या टेबलावर शिकणारी ही प्रौढ माणसे तेवढे दिवस दुसऱ्या विद्यापीठांच्या रिकाम्या वसतिगृहांत राहत.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. महाराष्ट्रात १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभे राहिले, डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने जागेची आणि आधीच्या परीक्षेची अशा दोन्ही अटी एकदम सैल केल्या. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम आला. गावोगावची महाविद्यालये अभ्यासकेंद्रे झाली आणि तिथे सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रे भरू लागली. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला संसार, शेती, नोकरी सांभाळून पदवीपर्यंत पोहोचण्याची वाट मिळाली. विद्यापीठाच्या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या नियमांनी ऑनलाइन पदवीला हद्द ठेवली नाही. मान्यता असलेल्या विद्यापीठाचा विद्यार्थी गडचिरोलीत बसून शिकू शकतो. पण पदवीसाठी लागणारी शालेय पात्रता नेहमीच्या महाविद्यालयासारखीच राहिली. लंडनने १८५८ साली उठवली होती ती जागेची अट, मॅट्रिकची नव्हे. ऑनलाइन शिक्षणाचीही आज तीच स्थिती आहे. म्हणूनच शाळा अर्धवट सुटलेल्यांना वर आणणारे पूर्वतयारीसारखे वर्ग ऑनलाइनच्या काळातही टिकले पाहिजेत, वाढले पाहिजेत.